शोभेची वस्तू

नाकेदाराने धनुष्याचं एक टोक बुटाशी रोवलं, दुसऱ्या टोकावर सगळा भार टाकला आणि तिसऱ्यांदा दोरीचा फास वर सरकवायला गेला. तिसऱ्यांदाही फास खाचेच्या चार बोटं अलीकडेच अडला. बसमधले उतारू खिडक्यांतून माना बाहेर काढून बघत होते. ड्रायव्हरने इंजिन बंद करून बिडी पेटवली होती, म्हणजे आता इथे वेळ जाणार हे सगळ्यांनी ओळखलं.

"बांबू आहे की लोखंड?" नाकेदार म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"बांबूच आहे," समोर उभा असलेला म्हातारा म्हणाला. "ताकद लावली की ते अडतं."

"मला शिकवू नका. कोणी बनवलं हे?"

म्हाताऱ्याच्या मागे, बसच्या पायरीवर त्याची बायको उभी होती. तिने तोंड उघडलं होतं की नाही हे तिलाही नंतर आठवेना. पण त्याआधीच म्हातारा बोलून गेला.

"मी."

आणि त्याने मान जराशी ताठ केली. दोन्ही हात त्याने कोटाच्या खिशात घातलेले होते.

नाकेदाराने बोटाने नाक्यावरची पाटी दाखवली. पाटीचा रंग अजून ओला दिसत होता. या हद्दीत कोणतंही हत्यार बनवणं, बाळगणं किंवा नेणं गुन्हा आहे, असं तिच्यावर लिहिलं होतं.

"वाचता येतं का, आजोबा?"

"येतं."

"मग?"

"पाटी या आठवड्यात लागली," म्हातारा म्हणाला. "आम्ही आधीपासून आहोत."

बसमधून कोणीतरी हसलं. ते हसणं नाकेदाराला लागलं असावं, कारण त्यानंतर त्याने म्हाताऱ्याला खाली उतरवून घेतलं, बस पुढे सोडली आणि वही उघडली. बायको न सांगताच उतरली होती. वहीत दोन गुन्हे लिहिले गेले, बनवणं आणि नेणं. दोन्ही म्हाताऱ्याच्या नावावर.

त्यातला पहिला खोटा होता.

टेकडीखालच्या वस्तीत चाळीसएक घरं होती आणि त्या चाळीसही घरांत या म्हाताऱ्याला उस्ताद म्हणत. त्याच्या बायकोला म्हणत पिसावाली. उस्ताद धनुष्यं करायचा आणि ती बाणांना पिसं बांधायची, म्हणून. लग्नानंतर पहिल्या वर्षीच तिने हे काम उचललं. बोरूची कांडी निखाऱ्यावर शेकून सरळ करायची, डोळ्यासमोर धरून फिरवून बघायची, मग डिंक लावून तीन पिसं दोऱ्याने आवळायची. एका बाणाची तिन्ही पिसं पक्ष्याच्या एकाच पंखाची हवीत, डाव्यातली तर डाव्यातली, नाहीतर बाण हवेत अंग मोडतो. हे ती इतक्या बारकाईने बघायची की वस्तीतले लोक म्हणत, हिचं नाव पिसावाली नुसतं पिसांवरून नाही पडलेलं, हिला पिसंच लागलंय.

अकरा वर्षांपूर्वी उस्तादचे हात कापायला लागले. आधी चहा बशीत सांडायचा. मग एकदा धनुष्याच्या पोटाकडून तासताना सुरी नखभर जास्त खोल गेली. नखभरच. पण तिथे गेलेलं परत येत नाही. गिऱ्हाइकाने पहिल्यांदा ओढलं आणि ते कडाडकन मोडलं. गिऱ्हाईक बिचारा भला माणूस, म्हणाला, बांबूच किडका असेल. उस्ताद दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. जेवायला उठवलं तर उठायचा, जेवून परत भिंतीकडे.

तिसऱ्या दिवशी परसात सुरीचा आवाज यायला लागला. तो उठून दारात आला. बायको खाली बसून, पायाच्या अंगठ्यात बांबूची चीर धरून तासत होती.

"साल काढू नकोस," तो दारातूनच म्हणाला.

"माहीत आहे."

"पाठीला साल ठेवायची. तीच ताण धरते. पोटाकडूनच काढायचं."

"सव्वीस वर्षं बघतेय," ती म्हणाली. "बोलायचं असेल तर बसून बोला. उजेड अडतोय."

तिची पहिली चार मोडली. ती तिने चुलीत घातली आणि त्यावर भात शिजवला. पाचवं टिकलं. तो शेजारी बसून सांगत गेला आणि ती करत गेली. कुठल्या उतारावरचा बांबू घ्यायचा, तर जिथे पाणी कमी आणि ऊन जास्त तिथला. तो हळू वाढतो, आतून भरीव असतो. तीन वर्षांच्या आतला तोडायचा नाही. फोडून चुलीवर धुरात टांगायचा आणि विसरून जायचं. मग एक दिवस तो बोटाने वाजवल्यावर वेगळाच बोलतो, तेव्हा उतरवायचा. हे सगळं तिला ऐकून माहीत होतं. पण हाताला माहीत व्हायला दोन वर्षं लागली.

वस्तीला यातलं काही कळलं नाही. कोणी मुद्दाम लपवलं असंही नाही. काम परसात व्हायचं, गिऱ्हाईक पुढच्या अंगणात यायचं. झालेलं धनुष्य मांडीवर घेऊन उस्ताद तिथे बसलेला असायचा आणि ती आतून पाणी घेऊन यायची. सुरुवातीला तिला याची गंमत वाटायची. पुढे सवय झाली. फक्त मधूनच एखाद्याने दोरी टणकारून "उस्तादचा हात तो उस्तादचा हात" म्हटलं, की तिच्या हातातला तांब्या जमिनीवर जरा जोरात टेकायचा. इतकंच.

जप्त झालेलं धनुष्य तिने लेकीसाठी केलं होतं. लेक नाक्यापलीकडे, दोन तासांच्या वाटेवर राहायची. नवरा कामासाठी लांब, शेत जंगलाला लागून, आणि रानडुकरांनी यंदा अर्धं पीक उकरून ठेवलं होतं. लेकीच्या हाताची लांबी आईला पाठ होती. चार महिने त्या एका धनुष्यावर गेले. बाण अजून व्हायचे होते. मनासारखी पिसं मिळाली नव्हती.

"बाण नव्हतेच ना जवळ?" वकीलबाईंनी विचारलं. "मग तर उत्तमच."

वकीलबाईंचं ऑफिस झेरॉक्सच्या दुकानावर होतं. खालच्या मशीनची घरघर जमिनीतून पायांना लागायची. बाई तिशीच्या आतल्या, बोलायला मऊ. त्यांना ही केस कोर्टानेच नेमून दिली होती, तरी त्यांनी कागद नीट वाचले होते. टेबलासमोर तीन खुर्च्या होत्या. उस्ताद, पिसावाली आणि लेक, तिघं बसली.

"सोपं आहे," वकीलबाई म्हणाल्या. "कायदा हत्याराला आहे. हस्तकलेला नाही. आजोबा, साहेबांनी विचारलं की तुम्ही एवढंच सांगायचं, ही शोभेची वस्तू आहे. भिंतीवर टांगायला बनवली. लेकीला भेट द्यायला चाललो होतो. संपलं. कलमच लागत नाही."

"सुटतील?" लेकीने विचारलं.

"त्याच दिवशी."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर सहा महिन्यांपर्यंत होऊ शकतात." वकीलबाईंनी उस्तादच्या हातांकडे बघितलं. ते आता मांडीवर होते आणि जिवंत पाखरं धरल्यासारखे हलत होते. "या वयात ते नको."

पिसावाली वकीलबाईंच्या मागच्या भिंतीकडे बघत होती. तिथे एक कॅलेंडर होतं, एक प्लास्टिकचा मोठा पंखा, नुसता सजावटीचा, आणि एक घड्याळ.

"ते घड्याळ चालतं का?" तिने विचारलं.

"चालतं की, मावशी. का?"

"सहज. टांगलंय, तरी चालतंय."

वकीलबाई हसल्या, पण लेक हसली नाही. तिला आईचा स्वर ओळखीचा होता. बाहेर जिन्यात तिने आईला गाठलं.

"आई, तू कोर्टात काही बोलायचं नाहीस. बाबांना तुरुंगात बघायचंय का तुला?"

"नाही."

"मग शोभेची म्हटलं तर काय अंगाला भोकं पडतात?"

"तुझ्यासाठी केलं ते," आई म्हणाली. "भिंतीवर टांगून डुकरं पळतील का तुझी?"

"डुकरांचं बघू नंतर."

दोन पायऱ्या खाली उतरलेला उस्ताद थांबला. मागे न वळता म्हणाला, "बोलायचं मला आहे. मी बोलेन. तू गप्प बस म्हणजे झालं. तुझं नाव निघालं तर तुलाही आत घेतील."

त्यात काळजी होती. आणखीही काहीतरी होतं, ते तिला ऐकू आलं. अकरा वर्षं मांडीवर घेऊन बसलेलं त्याला सोडवत नव्हतं. तिने त्याचा राग केला नाही. "बरं," ती म्हणाली. "नाही बोलत."

आणि तिने ते मनापासून म्हटलं होतं.

कोर्टाची खोली लांबट होती. उंच खिडक्या, खाली हिरवा रंग, वर पांढरा, आणि मधे जिथे लोकांची डोकी टेकतात तिथे तेलकट पट्टा. न्यायाधीशांना सर्दी झाली होती. ते मधूनमधून रुमाल नाकाला लावत आणि प्रत्येक वेळी खोली थांबायची. टेबलावर धनुष्य ठेवलं होतं. दोरी उतरलेली, मधोमध सुतळीने बांधलेला कागदाचा तुकडा. धनुष्य टेबलापेक्षा लांब असल्यामुळे त्याचं एक टोक बाहेर आलं होतं, आणि येणाजाणाऱ्या शिपायाला ते दर वेळी मांडीला लागत होतं.

उस्तादला पुढे बोलावलं.

"हे तुमचं?"

"होय, साहेब."

"काय आहे हे?"

उस्तादने पायांकडे बघितलं. "शोभेची वस्तू आहे, साहेब."

"मोठ्याने."

"शोभेची वस्तू आहे. भिंतीवर टांगायची."

न्यायाधीशांनी सरकारी वकिलांकडे बघितलं. आज त्यांच्याकडे अजून सतरा केसेस होत्या आणि ही त्यांतली सगळ्यांत फुटकळ. सरकारी वकिलांनी खांदे उडवले. "म्हाताऱ्याचे हात बघता, साहेब, काही हरकत नाही."

लेकीने श्वास सोडला. वकीलबाईंनी मागे वळून तिच्याकडे बघत पापण्या मिटल्या, झालं, अशा अर्थाने. न्यायाधीशांनी नाक पुसलं आणि टायपिस्टला सांगायला सुरुवात केली.

"सदर वस्तू बांबूची असून, शोभेकरिता तयार केलेली आहे." टायपिस्टची बोटं चालत होती. "ती हत्यार या व्याख्येत बसत नाही. सदर वस्तू वापरण्यास अयोग्य..."

"साहेब, ते लिहू नका."

आवाज मागच्या बाकावरून आला होता. सगळ्यांनी वळून बघितलं. पिसावाली उभी होती. आपण उभ्या आहोत याचं तिलाही जरा नवल वाटत असावं, कारण तिने एक हात पुढच्या बाकाच्या पाठीवर घट्ट धरला होता. लेकीने तिची बाही ओढली. ती बसली नाही.

"कोण तुम्ही?" न्यायाधीशांनी विचारलं.

"यांची बायको."

"काय लिहू नको?"

"अयोग्य आहे म्हणून. ते अयोग्य नाही. बाकी काय ते लिहा."

"मावशी, बसा," वकीलबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "सुटताहेत ते. बसा."

"मी केलंय ते," पिसावाली म्हणाली.

टायपिस्टची बोटं थांबली. उस्तादने वळून बघितलं नाही. त्याची पाठ तेवढी दिसत होती, आणि कोटाची शिवण खांद्यावर ताणलेली.

"अकरा वर्षं मीच करते," ती म्हणाली. "त्यांचे हात चालत नाहीत. तुम्हाला दिसतंयच. त्यांनी केलं हे खोटं आहे आणि भिंतीवर टांगायला केलं हेही खोटं आहे. पण ती खोटी मी ऐकून घेतली असती. अयोग्य म्हणालात ते नाही ऐकवलं."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला समजतंय का? तुमचा नवरा आत्ता घरी निघाला होता. आता गुन्हा तुमच्यावर येईल."

"समजतंय."

"मग कशाला बोललात?"

तिने जरा विचार केला. "नुसतं बोलणं चाललं होतं तोवर गप्प होते. तुम्ही लिहायला लागलात."

सरकारी वकील आता जागे झाले होते. त्यांनी टेबलावरचं धनुष्य उचललं आणि तिच्यापुढे धरलं. "म्हणजे हे चालतं? चढवून दाखवा दोरी."

ती पुढे आली. सुतळीने बांधलेला कागद तिने आधी एका बाजूला सरकवला, मुठीच्या जागेवरून. खालचं टोक उजव्या पायाच्या घोट्याशी टेकवलं, धनुष्याचं पोट डाव्या मांडीवर घेतलं आणि नुसती कमरेतून वाकली. धनुष्य तिच्याबरोबर वाकलं. दोरी म्हणजे बांबूच्याच सालीची एक लांब पातळ कामटी होती, दोन्ही टोकांना वाखाचे फास. वरचा फास अंगठ्याने सरकला आणि टक् असा आवाज करून खाचेत बसला. लहान मुलाच्या बंडीची गुंडी लावावी तितका वेळ लागला. नाकेदार भिंतीशी उभा होता. तो दुसरीकडे बघायला लागला.

सरकारी वकिलांनी धनुष्य तिच्या हातातून घेतलं. "साहेब, आता आपणच बघा," असं म्हणून त्यांनी ते खिडकीच्या दिशेने उचललं आणि दोरी छातीपर्यंत ओढली. बोटं सुटायच्या बेतात होती. तेवढ्यात पिसावालीने त्यांचं मनगट धरलं.

शिपाई पुढे धावला.

"सोडू नका," ती म्हणाली. "रिकामं सोडू नका."

"हात काढा, बाई."

"आधी दोरी हळू पुढे न्या. मग काढते."

सरकारी वकिलांनी न्यायाधीशांकडे बघितलं. ओढ धरून ठेवणं सोपं नव्हतं. अखेर वकिलांनी दोरी हळूहळू पुढे नेली. तिने मनगट सोडलं. मनगटावर तिच्या बोटांचे चार पांढरे वळ उमटले होते.

"काय प्रकार आहे हा?" न्यायाधीश म्हणाले. पण आवाजात रागापेक्षा कुतूहल जास्त होतं.

"बाण असला की ओढ बाणाबरोबर जाते, साहेब. बाण नसला तर ती कुठे जाणार? उलटी धनुष्यातच शिरते. एकदा, दोनदा सोसतं. मग मोडतं. चार महिने लागलेत याला."

"चार महिने? एका काठीला?"

"काठी नाही म्हणून."

न्यायाधीशांनी हात पुढे केला. शिपायाने धनुष्य त्यांना नेऊन दिलं. त्यांनी ते उलटसुलट केलं, बोट फिरवलं. "इकडे चकचकीत आणि इकडे खरखरीत. असं का?"

"चकचकीत ती पाठ. ती बांबूची साल, तिला सुरी लावायची नाही. खरखरीत ते पोट. तिकडून काढत जायचं. सुरीने, मग काचेच्या तुकड्याने. मुठीच्या वरचा आणि खालचा, दोन्ही बाहू सारखे वाकले पाहिजेत. एक आळशी आणि एक कष्टाळू असं झालं की कष्टाळू आधी मोडतो."

"सगळीकडे तेच आहे," न्यायाधीश म्हणाले. टायपिस्ट हसला आणि लगेच गंभीर झाला. "कोणासाठी केलंत?"

तिने मागच्या बाकाकडे मान हलवली. "लेकीसाठी. रानडुकरं येतात तिच्याकडे. या बांधापासून त्या बांधापर्यंत पोचेल एवढंच ठेवलंय."

सरकारी वकील खाकरले. न्यायाधीशांनी धनुष्य खाली ठेवलं, चष्मा घातला आणि ते पुन्हा न्यायाधीश झाले.

"बनवल्याचं तुम्ही कबूल केलंय. मला ते सोडून देता येत नाही. पण तुमचं वय बघता एक करता येईल. लेखी द्या, यापुढे असं काही बनवणार नाही. एक ओळ पुरे. दोघंही घरी जा."

वकीलबाईंनी कागद आधीच काढला होता. भराभर ओळ लिहून त्यांनी पेन तिच्या हातात दिलं. "मावशी, इथे सही. आता काही बोलू नका. फक्त सही."

तिने कागद वाचला. तिला वाचायला वेळ लागायचा, ओठ हलायचे. खोली थांबली होती. मग तिने पेन कागदावर आडवं ठेवून दिलं.

"हे खोटं होईल, साहेब. गेल्या आठवड्यात मी दोन बांबू तोडून धुरात टांगलेत."

"त्यांचं दुसरं काहीतरी करा. टोपल्या करा."

"टोपल्या करणारे आहेत आमच्याकडे. माझ्यापेक्षा चांगल्या करतात."

"बाई, मी तुम्हाला सोडायचा प्रयत्न करतोय."

"कळतंय मला. तुम्ही भले आहात," ती म्हणाली. "पण सही करून उद्या सुरी हातात घेतली तर तुमचा शब्द मी मोडला असं होईल. न केलेली बरी."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. न्यायाधीशांनी नाक पुसलं आणि टायपिस्टला सांगितलं. नवरा निर्दोष. बाई दोषी, बनवणं आणि नेणं दोन्ही तिच्या नावावर. शिक्षा, कोर्ट उठेपर्यंत कैद. वस्तू जप्त.

"म्हणजे काय?" लेकीने घाबरून विचारलं.

"म्हणजे संध्याकाळपर्यंत इथे बसायचं, हलायचं नाही," वकीलबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका आणि वैताग दोन्ही होतं. "कायद्यात यापेक्षा लहान कैद नाही, मावशी. पण पुढच्या वेळी दुसरे साहेब असतील."

"असतील," पिसावाली म्हणाली.

तिला भिंतीच्या कडेला एका बाकावर बसवलं. शेजारी शिपाईबाई. पुढच्या केसेस सुरू झाल्या. एका म्हशीवरून दोन भाऊ भांडत होते. एका माणसाने शेजाऱ्याच्या भिंतीत खिडकी पाडली होती. ती सगळं नीट ऐकत होती. म्हशीच्या बाबतीत धाकट्याचं खरं आहे असं तिचं मत झालं आणि तिने ते शिपाईबाईला सांगितलंही.

लेक दुपारी पाण्याची बाटली आणि बिस्किटं घेऊन आली. तिचे डोळे सुजले होते.

"काय मिळवलंस?" तिने विचारलं.

"तुझं धनुष्य गेलं," आई म्हणाली. "दुसरं करते. पावसाळ्याआधी होईल."

लेकीने बिस्किटांचा पुडा फोडून आईच्या हातात दिला. "मूठ जरा बारीक कर," ती म्हणाली. "माझी बोटं तुझ्यासारखी नाहीत." आणि ती शेवटची बस गाठायला निघून गेली. घरी पीक एकटं होतं.

उस्ताद बाहेर व्हरांड्यात होता. दोनदा दारापर्यंत येऊन परत गेला. चारच्या सुमाराला तो आत आला आणि त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. मोकळा माणूस कैद्याच्या बाकावर चालतो का, हे शिपाईबाईला माहीत नव्हतं. तिने बसू दिलं.

"आता वस्तीत सगळ्यांना कळेल," तो म्हणाला.

"कळेल."

"हसतील मला."

"हसले तर सांगेन, शिकवलं कोणी ते."

"विचारलं तर सांगशील."

"न विचारता सांगेन."

त्याचे हात मांडीवर हलत होते, आज त्याने ते खिशात घातले नव्हते. खिडकीची उन्हं भिंतीच्या हिरव्या भागावरून पांढऱ्यावर चढली.

"वरचा बाहू मी असतो तर अजून थोडा तासला असता," तो म्हणाला.

"म्हणून तुमची मोडायची."

त्याच्या नाकातून हसू निसटलं. शिपाईबाईने डोळे वटारले, तसा तो सरळ बसला.

पाचला न्यायाधीश उठले. सगळे उभे राहिले, ती दोघंही. न्यायाधीश मागच्या दाराने गेले, आणि त्याच क्षणी तिची कैद संपली. पण कारकून एक छापील फॉर्म घेऊन आला. सुटकेची नोंद करायची होती. तो उभ्या उभ्याच भरत होता, वय विचारलं, गाव विचारलं. पुढच्या रकान्याशी आल्यावर त्याने न विचारताच पेन टेकवलं.

"व्यवसाय, घरकाम."

"नाही," उस्ताद म्हणाला.

कारकुनाने वर बघितलं. "काय मग?"

"धनुष्यं करते. तसं लिहा."

"आजोबा, त्याच्यासाठीच तर शिक्षा झाली. फॉर्मवर कसं लिहू?"

"झाली ना शिक्षा? भोगून झाली. मग लिहायला काय हरकत?" उस्ताद म्हणाला. "बायकोचा धंदा मला विचारा. मला माहीत आहे."

कारकुनाला घरी जायचं होतं. त्याने घरकाम खोडलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं. पिसावालीने फॉर्म हातात घेऊन, ओठ हलवत, तो रकाना वाचला. मग सही केली. अक्षरं एकेक, सावकाश.

कारकून टेबलावरचं धनुष्य उचलून आतल्या खोलीकडे निघाला, जिथे जप्तीचा माल ठेवत.

"थांबा," ती म्हणाली. "दोरी चढलेलीच आहे. अशीच ठेवलीत तर ओढ मरते त्याची."

"जप्त झालंय ते, बाई. आता काय करायचंय?"

"तरी पण."

कारकुनाने स्वतः प्रयत्न करून बघितला नाही. धनुष्य तिच्याकडे दिलं. तिने ते मांडीवर घेतलं, वाकली, अंगठ्याने फास खाली सरकवला. धनुष्य सावकाश सरळ झालं. सुतळीचा कागद तिने परत मधे आणला आणि पाठीवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकदा तळहात फिरवला. मग दोन्ही हातांवर आडवं धरून पुढे केलं.

कारकुनानेही ते तसंच, दोन्ही हातांवर घेतलं. आतल्या खोलीचं दार अरुंद होतं. धनुष्य कुठे घासू नये म्हणून तो अंग चोरून, तिरका होऊन आत गेला.